विंडोज सेव्हन पुन्हापुन्हा अडतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा दोनच शब्दांत येते: "नेट गेलं." जाऊन बघावं तर नेट असतं. मोबाइलवर सगळं चालतं, शेजारच्या नव्या मशीनवरही चालतं. फक्त जुन्या विंडोज सेव्हनवर ब्राउझर सांगतो की तुमचं कनेक्शन खासगी नाही. एक साइट उघडते, दुसरी उघडत नाही. विंडोज अपडेट लावायला गेलं की लाल ढाल दिसते आणि खाली ८००७२ईएफई असा कोड. मग कोणीतरी फॉरमॅट मारून देतं. चार दिवस बरं जातं आणि परत तेच. फॉरमॅटनंतर तर कधीकधी आधीपेक्षा जास्त साइट बंद पडतात. त्याचं कारण पुढे येईलच.

मी ज्या मशीनबद्दल लिहितोय ती मुख्यतः छापखान्यांतली आणि डीटीपीच्या दुकानांतली आहेत. बत्तीस बिटचं विंडोज सेव्हन, त्यावर पानं मांडायचं पेजमेकर ७, सोबत मराठी टाइप करायला श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम, मागे खोचलेलं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली. डिस्कवर कित्येक वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल आणि दिवाळी अंकांची पानं. या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बसवलेल्या आहेत. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर स्क्रीनवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. चौसष्ट बिटच्या विंडोजवर जुने सोळा बिटचे सेटअप चालतच नाहीत, आणि जुन्या डोंगलचे किंवा प्रिंटरचे बत्तीस बिटचे ड्रायव्हरही बसत नाहीत. त्यामुळे "नवीन घ्या" हा सल्ला देणाऱ्याने आधी त्या फायलींचं काय करायचं ते सांगावं. हे मशीन राखणं हा हट्ट नव्हे. ते त्या दुकानाचं दप्तर आहे आणि ते उघडता आलं पाहिजे.

मात्र राखायचं तर नीट कळून राखायला हवं. विंडोज सेव्हन २२ ऑक्टोबर २००९ला बाजारात आलं. त्याचा मोफत सपोर्ट १४ जानेवारी २०२०ला संपला आणि संस्थांसाठी पैसे भरून मिळणारी मुदतवाढ १० जानेवारी २०२३ला. त्यानंतर मशीनमध्ये काही बिघडलेलं नसतं. बाहेरच्या जगाने एकमेकांची ओळख पटवायची रीत बदललेली असते आणि जुन्या विंडोजला ती रीत ठाऊक नसते. ओळख पटवण्यात चार गोष्टी येतात: घड्याळ, प्रमाणपत्रं, अपडेटवरच्या सह्या आणि ब्राउझर. "नेट गेलं" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा या चारांतच सापडतं, म्हणून याच क्रमाने तपासा. उलट क्रमाने गेलात तर अर्धा दिवस वाया जातो.

घड्याळ आधी, बाकी सगळं नंतर

उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, वर्षासकट. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो उतरला की रात्री मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ मागे जातं, थेट मदरबोर्डच्या जन्मवर्षापर्यंत. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे ती साइट खरी असल्याच्या दाखल्यावर, "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. मशीनला २००९ साल वाटत असेल तर आजचं प्रत्येक प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं, म्हणून खोटं वाटतं. जिथे रोज संध्याकाळी दुकान बंद करताना बोर्डाचा स्विच पाडला जातो तिथे हा त्रास रोज सकाळी होतो, आणि जिथे मशीन कायम चालू असतं तिथे वीज गेल्यावरच होतो. म्हणून तक्रार कधी येते हे आधी विचारा. निम्मं निदान तिथेच होतं.

"पण घड्याळ तर इंटरनेटवरून आपोआप लागतं ना?" असं हमखास विचारलं जातं. इथे एक बारकावा आहे. डोमेनमध्ये, म्हणजे मोठ्या कार्यालयाच्या मध्यवर्ती नियंत्रणात, नसलेल्या विंडोज सेव्हनची टाइम सर्व्हिस घड्याळ जुळवायला साधारण आठवड्यातून एकदाच जाते. आणि खरी वेळ व मशीनची वेळ यांत १५ तासांपेक्षा जास्त फरक असेल तर ती दुरुस्ती करायलाच नकार देते. म्हणजे सेल उतरून घड्याळ काही वर्षं मागे गेलं की ज्या यंत्रणेने ते सुधारायचं तीच हात वर करते. तारीख आणि वेळ हाताने जवळपास बरोबर लावा, मग "इंटरनेट टाइम"मध्ये जाऊन "अपडेट नाउ" दाबा. टाइम डॉट विंडोज डॉट कॉम उत्तर देत नसेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हर वापरा: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. सेल मात्र त्याच दिवशी बदला. तो किरकोळ किमतीला मिळतो आणि सगळं मशीन त्याच्यावर टेकलेलं असतं.

याच्याशीच जोडलेली आणखी एक तक्रार आहे: "इंटरनेट टाइम चालू केलं की घड्याळ चुकतं." हे टाइम झोनचं काम. विंडोज टाकताना झोन अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर राहून गेलेला असतो आणि कोणीतरी काटे हाताने भारतीय वेळेवर आणून ठेवलेले असतात. मशीन जुळणी करायला जातं आणि इमानेइतबारे पॅसिफिकची वेळ लावून येतं. मग माणूस पुन्हा हाताने बदलतो. झोनमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेली ओळ निवडा, ही तक्रार कायमची मिटेल.

कोण अडतंय ते वेगळं काढा

घड्याळ बरोबर असूनही साइट उघडत नसेल तर तीच साइट फायरफॉक्समध्ये उघडून बघा. ही चाचणी मला फार मोलाची वाटते. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर आणतो आणि जोडणीही स्वतःच करतो, त्यासाठी विंडोजवर विसंबत नाही. तेव्हा फायरफॉक्समध्ये साइट उघडली आणि इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये, जुन्या मेल प्रोग्रॅममध्ये किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये अडली, तर दोष विंडोजच्या प्रमाणपत्रांत किंवा टीएलएसमध्ये, म्हणजे सुरक्षित जोडणी करायच्या पद्धतीत, आहे. सगळीकडेच अडत असेल तर घड्याळ पुन्हा बघा, आणि त्यानंतर अँटिव्हायरस.

अँटिव्हायरसचं पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बरेच अँटिव्हायरस सुरक्षित साइटचा मजकूर तपासता यावा म्हणून मध्ये उभे राहतात आणि ब्राउझरला साइटच्या प्रमाणपत्राऐवजी स्वतःचं प्रमाणपत्र दाखवतात. अँटिव्हायरसची आवृत्ती जुनी झाली किंवा नूतनीकरण राहून गेलं की हा मधला दुवा कुजतो आणि एकूण एक साइट लाल होतात. कुलपाच्या चिन्हावर क्लिक करून प्रमाणपत्र कोणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर त्याच्या सेटिंगमधलं एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद करून पुन्हा बघा.

आता विंडोजची प्रमाणपत्रं. ३० सप्टेंबर २०२१ला डीएसटी रूट सीए एक्स३ नावाचं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या भरवशावर साइटची प्रमाणपत्रं खरी मानली जातात ते, मुदतबाह्य झालं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य साइटना मोफत प्रमाणपत्रं देते आणि जुन्या यंत्रांवर तिचा भरवसा त्या मुळावर उभा होता. तिचं स्वतःचं मूळ, आयएसआरजी रूट एक्स१, २०३५पर्यंत चालणारं आहे. पण ते मशीनमध्ये असायला हवं. विंडोज सेव्हन अशी मुळं गरज पडेल तशी मायक्रोसॉफ्टकडून आपोआप आणतं, पण अपडेट बंद करून ठेवलेल्या किंवा नुकत्याच फॉरमॅट केलेल्या मशीनवर हे आणणंच अडून बसतं. "फॉरमॅटनंतर जास्त साइट बंद" याचं हे एक कारण. जुन्या सीडीवरून विंडोज टाकलं म्हणजे भरवशाची यादीही त्या सीडीच्या काळातली येते.

उपाय: दुसऱ्या मशीनवर लेट्स एन्क्रिप्टच्या स्वतःच्या साइटवरून आयएसआरजी रूट एक्स१ची फाइल उतरवा, जुन्या मशीनवर न्या आणि "लोकल कंप्युटर"च्या "ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज"मध्ये बसवा. कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं किंवा एखाद्या अनोळखी दुव्यावरचं मूळ प्रमाणपत्र कधीही बसवू नका. मूळ प्रमाणपत्र बसवणं म्हणजे त्याच्या मालकाने दाखवलेल्या कोणत्याही साइटवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची परवानगी देणं.

टीएलएसचं असं आहे की विंडोज सेव्हनला टीएलएस १.२ येतं, पण अनेक प्रोग्रॅमसाठी ते मुळात बंद असतं. त्यासाठी केबी ३१४०२४५ हे अपडेट लागतं (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टचा अपडेटला दिलेला क्रमांक). नुसतं अपडेट टाकून भागत नाही, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, डिफॉल्ट सिक्युअर प्रोटोकॉल्सची नोंदही करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या त्या अपडेटच्या पानावर ती नोंद कुठे आणि कशी करायची ते दिलेलं आहे. चौसष्ट बिटच्या सेव्हनवर ती दोन ठिकाणी करावी लागते, हे लोक विसरतात. शिवाय इंटरनेट ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात "यूज टीएलएस १.२"वर खूण करा. एवढं करूनही काही सर्व्हर दाद देणार नाहीत. त्यांना हव्या असलेल्या सांकेतिक पद्धती विंडोज सेव्हनच्या पोटात नाहीतच, आणि टीएलएस १.३ तर अजिबात नाही. तिथे डोकं आपटत बसू नका, ते काम फायरफॉक्सकडे किंवा दुसऱ्या मशीनकडे द्या.

अपडेट: क्रम चुकला की काहीच होत नाही

२०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेटवर सही करायची पद्धत बदलली. शा-१ ही सहीची जुनी, कच्ची ठरलेली पद्धत सोडून शा-२ आली. २०२०च्या ऑगस्टमध्ये शा-१वर चालणारे सर्व्हरही बंद झाले. आता गंमत बघा: नवी सही ओळखायला लागणारं अपडेट मशीनमध्ये नसेल, तर ते अपडेट देणाऱ्या सर्व्हरशीही मशीनला बोलता येत नाही. ताज्या फॉरमॅटनंतर ८००७२ईएफई येतो तो यामुळे. नेटचा, राउटरचा किंवा विंडोजच्या खरेखोटेपणाचा इथे काही संबंध नाही.

ही गाठ हातानेच सोडवावी लागते. दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग उघडा आणि फायली पेनड्राइव्हवर घ्या. बत्तीस बिट की चौसष्ट हे नावात नीट बघा, बहुतेक चुका तिथेच होतात. आधी सर्व्हिस पॅक १, म्हणजे केबी ९७६९३२, तो नसेल तर बाकीचं काहीच बसणार नाही. मग केबी ४४९०६२८, रीस्टार्ट. मग केबी ४४७४४१९, रीस्टार्ट. मग अपडेट करणाऱ्या यंत्रणेचीच सुधारित आवृत्ती, केबी ३१३८६१२. त्यानंतर विंडोज अपडेट उघडा, बहुतेक मशीनवर ते पुन्हा बोलू लागतं.

या फायली चालवताना "सर्चिंग फॉर अपडेट्स ऑन धिस कंप्युटर" असं दाखवत हिरवी पट्टी तासन्‌तास फिरत राहते. तसं होऊ नये म्हणून नेटची वायर काढा, सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट थांबवा आणि मगच फाइल चालवा. काहींच्या मशीनवर यंत्रणा सुरू झाल्यावरही अपडेट शोधण्यात प्रोसेसर पूर्ण अडकून पडतो आणि मशीन रांगायला लागतं. त्यावर २०१६च्या जुलैचा संच केबी ३१७२६०५ लागू पडतो, पण त्याच्या आधी केबी ३०२०३६९ असावं लागतं.

१४ जानेवारी २०२०चा शेवटचा मोफत संच म्हणजे केबी ४५३४३१०. तो टाकल्यावर "स्ट्रेच" केलेला वॉलपेपर जाऊन डेस्कटॉप काळा पडतो. लोक घाबरतात, व्हायरस समजतात, विंडोज नकली निघालं असंही समजतात. तो त्या अपडेटमधलाच दोष होता आणि मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपल्यावरही केबी ४५३९६०२ देऊन तो दुरुस्त केला.

सशुल्क मुदतवाढीची अपडेट फुकटात बसवून देणारी बायपास हत्यारं नेटवर फिरतात. ज्या मशीनवर दुकानाचं सगळं दप्तर आहे तिथे अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्रॅम सर्वाधिकार देऊन चालवणं मला पटत नाही. पैसे खर्च करायची तयारी असेल तर झिरोपॅच ही सेवा बघा. ती विंडोजच्या फायलींना हात न लावता चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत छोटी ठिगळं लावते. तो मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट नव्हे, पण गंभीर भोकं बुजतात.

ब्राउझर

क्रोमची १०९ ही विंडोज सेव्हनवरची शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३मध्ये आलेल्या ११०पासून क्रोमने सेव्हन सोडलं आणि एजही १०९वरच थांबला. फायरफॉक्सने मात्र जुलै २०२३ला आलेली ११५ ही ईएसआर, म्हणजे जास्त काळ सुरक्षा अपडेट मिळणारी, आवृत्ती सेव्हन आणि ८.१साठी धरून ठेवली आणि तिची मुदत एकदा नाही, अनेकदा पुढे नेली. म्हणून या मशीनवर फायरफॉक्स ११५ ईएसआर ठेवा, आणि सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार हे मोझिलाच्या पानावर अधूनमधून बघत चला. क्रोम १०९ चालतो म्हणून चालवत राहणारे खूप आहेत. तो उघडतो, पानं दाखवतो, पण त्यातली भोकं आता कोणी बुजवत नाही. ज्या दिवशी मोझिलाही थांबेल त्या दिवसापासून या मशीनवर ब्राउझर उघडायचा नाही, हे आत्ताच ठरवून ठेवा.

नव्या मशीनवरून जुन्याचं फोल्डर उघडत नाही

गेल्या काही काळात ही तक्रार फार वाढली आहे. दुकानात विंडोज ११चं मशीन येतं, सगळं जोडलं जातं, आणि सेव्हनवरचं शेअर केलेलं फोल्डर त्याला उघडता येत नाही. नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो: नव्या मशीनवर एसएमबी १ चालू करा (एसएमबी म्हणजे मशीनांनी आपसात फोल्डर शेअर करायची पद्धत). कृपा करून हे करू नका. विंडोज सेव्हनला एसएमबी २.१ येतं. विंडोजमध्ये एसएमबी १ लागतं ते एक्सपीसारख्या त्याहून जुन्या मशीनसाठी. २०१७मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून घुसलं ते याच एसएमबी १मध्ये होतं.

खरं कारण वेगळं आहे. आपल्याकडे फोल्डर पासवर्डशिवाय, "एव्हरीवन"ला देऊन शेअर करायची सवय आहे. विंडोज ११ प्रोने २४एच२ आवृत्तीपासून असा पाहुणा म्हणून मिळणारा प्रवेश बंद केला आणि प्रत्येक देवाणघेवाणीवर सही असण्याची अट घातली. पाहुण्याला सही करता येत नाही, त्यामुळे दार बंद. सेव्हनला सही करता येते, फक्त खरा वापरकर्ता आणि खरा पासवर्ड हवा. तेव्हा सेव्हनवर एक साधा युजर तयार करा आणि त्याला पासवर्ड द्या. रिकामा पासवर्ड नेटवर्कवरून चालत नाही. "पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग" चालू करा, फोल्डर फक्त त्या युजरला द्या, आणि विंडोज ११च्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तेच नाव व पासवर्ड नोंदवा.

नेटवर्कच्या यादीत सेव्हन दिसत नसेल तरी हरकत नाही, ती यादी आता भरवशाची राहिलेली नाही. सेव्हनला पक्का आयपी पत्ता द्या, नव्या मशीनवरून तो पत्ता टाकून फोल्डर उघडा आणि त्याचा ड्राइव्ह मॅप करा. एवढं झालं की सेव्हनवरचं एसएमबी १ही बंद करून टाका. फक्त जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकत असेल तर आधी तपासा, कारण त्यातल्या कितीतरी यंत्रांना एसएमबी १शिवाय काही येत नाही. त्यांना एफटीपीने किंवा पेनड्राइव्हवर स्कॅन करायला लावा.

प्रिंटरचंही असंच. सेव्हनला जोडलेला प्रिंटर नव्या मशीनवर जोडताना ११बीने संपणारा एरर येतो. सप्टेंबर २०२१च्या अपडेटनंतर छपाईच्या संवादाला जास्त कडक सुरक्षा आली, तिचा हा परिणाम. रजिस्ट्रीत ती सुरक्षा काढून टाकायचा उपाय सगळीकडे सापडेल. त्याऐवजी प्रिंटरला नेटवर्क पोर्ट असेल तर त्याला स्वतःचा आयपी द्या आणि प्रत्येक मशीनवरून थेट जोडा. सेव्हन बंद असलं तरी मग छपाई अडत नाही.

या मशीनने काय करायचं नाही

वरचं सगळं झालं की मालकाला वाटतं मशीन पहिल्यासारखं झालं. इथे मी प्रत्येकाशी भांडतो. साइट उघडू लागल्या म्हणजे मशीन सुरक्षित झालं असं नाही. वॉनाक्राय १२ मे २०१७ला पसरलं. त्याचं भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिलेलं होतं, आणि बळी पडलेली बहुसंख्य मशीन विंडोज सेव्हनची होती. पाठोपाठ २७ जूनला नॉटपेट्या आलं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेला तो प्रोग्रॅम मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून आपल्या न्हावाशेव्यापर्यंत पोचला आणि जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम थांबलं. त्या वेळी अपडेट उपलब्ध होती तरी हे झालं. आता तर सेव्हनसाठी ती येतही नाहीत.

म्हणून नेटबँकिंग, यूपीआय, जीएसटी, आधार, डिजिटल सही यांतलं काहीही या मशीनवर करायचं नाही. मेलही शक्यतो नाही. "दादा, पण पार्टी मॅटर मेलवरच पाठवते" असं म्हणतात. ते नव्या मशीनवर घ्या, तिथे तपासा आणि शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाका. ग्राहकाचा पेनड्राइव्हही तिथेच लावायचा. दुकानात गर्दी असली की हाच नियम सगळ्यात आधी मोडतो, म्हणून सेव्हनचे पुढचे यूएसबी पोर्ट मदरबोर्डपासून सोडवून ठेवले तर बरं.

नेट पूर्ण तोडायचं पण आपसातलं शेअरिंग चालू ठेवायचं, यासाठी एक सोपा उपाय आहे. आयपीव्ही४च्या सेटिंगमध्ये पक्का आयपी आणि सबनेट भरा, "डिफॉल्ट गेटवे" आणि डीएनएस रिकामे सोडा आणि आयपीव्ही६ची खूण काढा. मशीनला शेजारचं मशीन आणि प्रिंटर दिसतात, बाहेरचं जग दिसत नाही. घड्याळ आता बाहेरून जुळणार नाही, त्यामुळे सेलकडे लक्ष हवं. माझ्या मते छापखान्याच्या सेव्हनची हीच योग्य जागा आहे. ही मांडणी झाली की "नेट गेलं" ही तक्रारच उरत नाही.

हळू चालतं म्हणून

याचं उत्तर बहुतेक वेळा डिस्कमध्ये असतं. जुनी फिरती डिस्क काढून साटा एसएसडी लावा. एनव्हीएमई घेऊ नका, सेव्हनला तिचा ड्रायव्हर मुळात नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क जुन्या आयडीई मोडवर असेल तर ती नव्या एएचसीआयवर आणल्याने फायदा होतो, पण नुसतं बायोसमध्ये बदललं तर निळा स्क्रीन आणि ७बी एरर येईल. आधी रजिस्ट्रीत एमएसएएचसीआय सेवेची "स्टार्ट" किंमत शून्य करा, मग बायोसमध्ये बदल करा. बत्तीस बिटच्या सेव्हनला चार जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालू नका.

डिस्क बदलायच्या निमित्ताने जुनी डिस्क क्लोन होईल. ती जुनी डिस्क विकू नका, तारीख लिहून कपाटात ठेवा.

मशीनच गेलं तर

मदरबोर्ड कधीतरी जाणार, आणि सेव्हन चालेल असा नवा बोर्ड मिळणं अवघड आहे. त्याआधीच, मशीन धडधाकट असताना, त्याची आभासी प्रत काढून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं डिस्कटूव्हीएचडी चालत्या मशीनची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये उतरवून देतं. ती फाइल नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडायची. परवान्याचं लक्षात असू द्या: मशीनबरोबर आलेला ओईएम परवाना त्या मशीनपुरताच असतो, वेगळा विकत घेतलेला परवाना हलवता येतो. डोंगल यूएसबीचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्स ते आतल्या विंडोजला देऊ शकतं. पॅरलल पोर्टचं असेल तर अडतं, म्हणून सॉफ्टवेअर देणाऱ्याकडे आत्ताच चौकशी करून ते यूएसबीत बदलून मिळतंय का बघा. सगळ्या कामात जास्त वेळ खाणारा भाग हाच आहे, तो पुढे ढकलू नका.

पेजमेकरच्या फायली पुढे न्यायच्या असतील तर इनडिझाइन सीएस६ आणि त्याआधीच्या आवृत्त्या त्या उघडतात, नंतरच्या सीसी आवृत्त्या उघडत नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये बदलणं हे त्यानंतरचं वेगळं काम, आणि त्यात मुद्रितशोधन टळत नाही. नवी कामं मात्र आजपासून युनिकोडमध्येच नव्या मशीनवर करा, म्हणजे जुन्या मशीनवरचा बोजा वाढणार नाही.

प्रत काढली एवढ्यावर थांबू नका. ती उघडून, त्यातल्या पेजमेकरमध्ये एखादी जुनी, भरगच्च फाइल घेऊन कागदावर छापा. मग मूळ छापील प्रत शेजारी ठेवून रफार, जोडाक्षरं, आकडे आणि ओळी जिथे तुटतात त्या जागा ताडून बघा. या चार गोष्टी जुळल्या तर ती प्रत कामाची आहे.